एक आणा पत्ती

भाच्याने चांगली चालू नोकरी सोडून खानावळ काढली, त्याला या दिवाळीत दोन वर्षं होतील. कोथरूडच्या एका आतल्या गल्लीत, बारा टेबलं, दाराशी तुळस. सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे होते. आत वॉर्निशचा घसा धरणारा वास, फरशीवर भुसा, एका कोपऱ्यात नव्या पातेल्यांची अजून न सोडलेली बोचकी. सुतारमिस्त्री गल्ल्याच्या काउंटरवर वाकून कडेला पॉलिशपेपर मारत होते. भाच्याने हिशेबाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. ‘मिस्त्री, मजुरीचे चाळीस हजार राहिले ना? बघा, बरोबर आहे का.’ मिस्त्रींनी कागदाकडे बघितलं नाही. कानावरची पेन्सिल काढली, बोटांत फिरवली, परत कानावर ठेवली. म्हणाले, ‘दादा, निम्मेच द्या. राहिलेल्याची एक आणा पत्ती ठेवा माझी.’ म्हणजे धंद्यात सोळावा वाटा.

भाचा हसला. तुच्छतेने नव्हे, अनपेक्षित काही कानावर आलं की माणूस हसतो तसा. ‘अहो मिस्त्री, आणे कधीच गेले! आणि ही कंपनी आहे, प्रायव्हेट लिमिटेड. असं तोंडी नाही चालत. आत्या, तूच सांग यांना.’ मी सागरी विम्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढलेली, त्यामुळे पैशाचं काही निघालं की घरात माझ्याकडे बघायची पद्धत आहे. मी म्हणाले, ‘बघू नंतर.’ भाच्याने उभ्या उभ्या फोनवरून सगळे पैसे पाठवून दिले. मिस्त्रींच्या खिशात टिंग वाजलं. त्यांनी मेसेज वाचला, मान हलवली आणि पुन्हा कडेवर पेपर मारायला लागले. कड आधीच लोण्यासारखी झाली होती.

ते ‘बघू नंतर’ मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

कारण ‘नाही चालत’ म्हणण्याचा हक्क निदान मला तरी नव्हता. ज्या धंद्यावर माझी पेन्शन उभी आहे, त्याची सुरुवातच असल्या मागण्यांतून झालेली. सतराव्या शतकातलं इंग्रजांचं व्यापारी जहाज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजा येतो, ईस्ट इंडिया कंपनी येते, केसांचे टोप घातलेले गब्बर सावकार येतात. प्रत्यक्षात जहाज म्हणजे तुकड्या-तुकड्यांची गोधडी असे. एकाच माणसाचं अख्खं जहाज क्वचितच. आठवा हिस्सा, सोळावा, बत्तिसावा, चौसष्टावा. आणि हे हिस्से कोणाकडे? व्यापारी होतेच, कप्तान स्वतः होता, पण त्यांच्या जोडीला दोरवाला, शिडं शिवणारा, नांगर घडवणारा लोहार, खलाशांची दगडासारखी टणक बिस्किटं भाजणारा भटारी, बिअर गाळणारा, खारवलेल्या मांसाची पिंपं भरणारा खाटीक. यांतला कोणी मेला की त्याच्या मृत्युपत्रात घर, गादी, तांब्याची भांडी आणि मध्येच अमुक जहाजाचा सोळावा हिस्सा. मग तो हिस्सा विधवेकडे. म्हणजे लंडनच्या वॉपिंगमधली, नदीकाठच्या वस्तीतली एखादी बाई, जिने टेम्सच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नसेल, ती जमैकाची साखर आणणाऱ्या जहाजाची सोळा आण्यांतल्या एका आण्याची मालकीण.

सोळा आण्यांतला एक आणा. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाहीये. परीक्षेसाठी सागरी विम्याचा इतिहास घोकत होते तेव्हा हे चौसष्टाचं गणित माझ्या डोक्यात बसेना. शंभर का नाहीत, दहा का नाहीत? वडिलांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं, ‘अगं, रुपयाचे पैसे किती होते?’ १९५७ पर्यंत चौसष्टच. सोळा आणे, आण्याचे चार पैसे. जहाजाचा सोळावा हिस्सा म्हणजे एक आणा, बत्तिसावा म्हणजे ढब्बू पैसा, आठवा म्हणजे चवली, पाव म्हणजे पावली. निम्मं करत जायचं, निम्म्याचं निम्मं, जोवर परवडेल इतका तुकडा हातात येत नाही तोवर. भाकरी अशीच मोडतात. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कायद्यानेच जहाजाचे ६४ हिस्से ठरवून टाकले, आणि त्यांच्याकडच्या नोंदणीत आजही ते ६४ आहेत. आपले आणे गेले, त्यांचे राहिले. मिस्त्रींना हे ठाऊक असायचं कारण नाही, पण त्यांनी वापरलेलं माप अजून जिवंत आहे, फक्त पत्ता बदललाय.

चार वर्षांपूर्वी लेकीकडे लंडनला गेले होते, तेव्हा एक दिवस हट्टाने एकटी वॉपिंगला गेले. लेक म्हणाली, ‘आई, तिथे बघायला काही नाहीये.’ खरंच नव्हतं. जुन्या गोदामांचे महागडे फ्लॅट झालेत. पण नदीकडे उतरणारे दगडी जिने आहेत, दोन इमारतींच्या मधल्या बोळातून एकदम खाली जाणारे, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ. ओहोटी होती. चिखलात पांढऱ्या मातीच्या चिलमींच्या नळ्यांचे तुकडे पडलेले, खडूच्या कांड्यांसारखे. वास मात्र अगदी ओळखीचा. माझगावच्या धक्क्यावर सर्व्हेअरबरोबर भिजलेला माल बघायला जायचे, तेव्हा नाकात जायचा तोच चिखल-लोखंड-शेवाळाचा. मग थोडी उत्तरेला चालत गेले, केबल स्ट्रीटला. नावातच सगळं आहे. इथे जहाजांचे जाडजूड दोर वळायचे. त्याला लांबच लांब सरळ जागा लागते. सूत काढणारा माणूस हेम्पच्या तंतूंचा पुंजका कमरेला गुंडाळून चाकापासून मागे मागे चालत जायचा, आणि चालता चालता बोटांतून धागा सोडत राहायचा. दिवसभर उलटं चालायचं. मी त्या रस्त्यावर, बस येत नाहीये ना ते बघून, चार पावलं उलटी चालून पाहिली. एका पोराने माझ्याकडे फार काळजीने बघितलं.

आता असा दोरवाला कल्पनेतच घ्या. कप्तानाला नवं जहाज बांधायचंय. तो आधी सासऱ्याला गाठतो, मग मेहुण्याला, मग ज्या व्यापाऱ्यांचा माल वाहतो त्यांना. सोळापैकी अकरा आणे जमतात. मग पलीकडच्या काठावर, रॉदरहाइदला, जहाज बांधणारा म्हणतो, माझ्या बिलातला एक आणा जहाजातच राहू दे. शिडवाला एक घेतो. कप्तान दोन ठेवतो. उरलेल्या एका आण्यासाठी तो दोरवाल्याच्या शेडमध्ये येतो, जिथे डांबराची कढई उकळतेय. दोरवाला काय विचार करत असेल? नफ्याचा तर करणारच. पण त्याआधी तो हे बघतो की जहाजाला दरवर्षी दोर लागणार. कुजतात, तुटतात, वादळात कापून टाकावे लागतात. भागीदार असलो तर हे गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही. म्हणजे त्याने घेतलेली पत्ती ही एका अर्थी दुकानाची पागडीच.

यात लबाडीला भरपूर जागा होती, आणि ती व्हायची. जहाज पुरतं बुडालं तरी दोराचं बिल आधीच वसूल झालेलं, मग भागीदार म्हणून होणारं नुकसान पुरवठादार म्हणून भरून काढायला दर थोडा चढा लावला की झालं. इतर भागीदार कुरकुरायचे. त्यांच्यातल्या एकाकडे सगळी व्यवस्था दिलेली असे: खलाशांचे पगार, डागडुजी, भाडं वसूल करणं, आणि सफर संपली की हिशेब मांडून आण्या-आण्याचा वाटा देणं. या माणसाला इंग्रजीत जे म्हणत त्याचं सरळ मराठी ‘जहाजाचा नवरा’. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कचेरीत मोठ्याने हसले होते. शेजारच्या टेबलवरची मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे बाहेर फिरणार ती, आणि खर्चाचा हिशेब ठेवणार हा? बरं आहे की!’ हा नवरा पुढच्या सफरीआधी प्रत्येक भागीदाराच्या दारात उभा राहायचा: शीड फाटलंय, बूड खरवडून डांबर लावायचंय, तुमच्या आण्यामागे इतके काढा. पत्ती म्हणजे एकदा पैसे टाकून वाट बघत बसणं नव्हे. ती खिशात हात घालत राहते. आणि देणेकरी उभे राहिले तर जहाजाच्या गरजेपोटी झालेलं देणं भागीदारांच्या अंगावर. भाच्याच्या प्रायव्हेट लिमिटेडमधलं ते ‘लिमिटेड’ त्यांना नव्हतं.

तरीही लोक घालायचे पैसे, कारण एका जहाजात सोळा आणे घालण्यापेक्षा सोळा जहाजांत एकेक आणा घालणं शहाणपणाचं होतं. लंडनमध्ये विमा तेव्हा नव्हता असं नाही, पण जहाजात हिस्सा असलेल्या दोरवाल्याचा किंवा भटाऱ्याचा विमा हाच: तुकडे करा, वाटून टाका, सगळी एकदम बुडणार नाहीत.

बुडणार नाहीत. मराठीत जहाज बुडतं आणि पैसेही बुडतात, एकच क्रियापद. बाप बुडाला, बँक बुडाली, उधारी बुडाली, बुडीत खातं. क्लेमच्या फायलींत आम्ही इंग्रजीत वेगवेगळे शब्द लिहायचो, आणि जेवणाच्या सुट्टीत मराठीत एकच वापरायचो. पण त्या काळात एक कर्ज असं होतं, ज्यात जहाज बुडालं की कर्ज बुडत नसे, तर फिटत असे. बॉटमरी. जहाजाच्या बुडावर काढलेलं कर्ज. कप्तानाला पैसे हवेत, गहाण टाकायला जहाजाखेरीज काही नाही. जहाज सुखरूप परतलं तर मुद्दल अधिक घसघशीत व्याज. बुडालं तर काही नाही, ऋणकोने हात झटकायचे. इंग्लंडात तेव्हा व्याजाला कायद्याची मर्यादा होती, १६२४ पासून आठ टक्के, १६५१ पासून सहा. बॉटमरीला मात्र ती लागू नव्हती, कारण इथे मुद्दलच समुद्रात. हे पैसेही नुसते सावकारांचे नसत. चार पैसे गाठीला असलेला दुकानदार, एखादी विधवा, कोणीही लावायचं. या कर्जाचा एक नियम मला फार आवडायचा. एकाच सफरीत अशी दोन-तीन कर्जं झाली, तर सगळ्यात शेवटचं आधी फेडायचं. कारण शेवटच्याने दिलं नसतं तर जहाज परत आलंच नसतं, आणि आधीच्यांच्या हातालाही काही लागलं नसतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही याच जातकुळीची जोखमी हुंडी चालायची. माल पोचला तर हुंडी वटणार, नाहीतर नाही. ‘जोखमी’ हा शब्द मला ‘बॉटमरी’पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

अर्थात ज्या कर्जात बुडालं की फिटलं, तिथे बुडवायची इच्छा होणारच. ३० नोव्हेंबर १६६३ ला नौदलाच्या कचेरीतला सॅम्युअल पीप्स लंडनच्या कॉफीहाउसात बसला होता आणि तिथे ऐकलेली गोष्ट त्याने रात्री रोजनिशीत लिहून ठेवली. एका कप्तानाने जहाजाच्या बुडावर दुप्पट कर्ज काढलं, वर जहाजाचा आणि मालाचा विमा उतरवला, आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर जहाज मुद्दाम घालवायचा घाट घातला. वाटाड्या देऊ केला तो घेतला नाही, जहाज तसंच सोडून दिलं. पण ते बुडेना! तिथल्या अधिकाऱ्याने ते ताब्यात घेऊन, मालक शोधा म्हणून, मालासकट इंग्लंडला पाठवून दिलं. जहाज आणि माल मिळून किंमत पाचशे पौंड, आणि कप्तानाने इकडून तिकडून उचललेले तीन हजार. दुसऱ्या दिवशी पीप्स खटला बघायला गिल्डहॉलला गेला. खलाशांना एक गोष्ट सलग सांगता येईना, त्यांचे शब्द न्यायाधीशाला कळेनात, आणि वकील जहाजाची परिभाषा बोलायला गेले की ऐकणाऱ्याला हसू फुटे. ज्युरीने उठून आत जायचीही तसदी घेतली नाही, बसल्या जागीच कप्तानाविरुद्ध निकाल दिला. ही पानं मी कितीदा वाचली असतील! आमच्याकडेही एक फाइल अशीच आली होती. ‘संपूर्ण नष्ट’ म्हणून क्लेम केलेला माल दुसऱ्याच बंदरात सुखरूप बसला होता. फक्त आमचे खलाशी सलग बोलले, एवढाच फरक.

आणि डॅनियल डेफो. हा लेखक बेटावरच्या रॉबिन्सन क्रूसोमुळे आपल्या शाळेत पोचला, पण ते खूप नंतर, १७१९ मध्ये. त्याआधी तो लंडनच्या कॉर्नहिलमध्ये मोज्यांचा व्यापारी होता. बाप चरबीच्या मेणबत्त्यांचा धंदेवाईक. मोजे विकता विकता हा गडी माल परदेशी पाठवायला लागला आणि फ्रान्सशी लढाई सुरू असताना जहाजांचा विमा उतरवायला लागला. म्हणजे हप्ता घ्यायचा, आणि जहाज गेलं तर भरपाई द्यायची. फ्रेंचांनी जहाजं पकडायचा सपाटा लावलेला. १६९२ मध्ये डेफोचं दिवाळं निघालं, सतरा हजार पौंडांचं. बुडाला, मराठीत म्हणायचं तर. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानातल्या स्मर्नाकडे निघालेला इंग्रज-डच जहाजांचा मोठा ताफा फ्रेंचांनी पोर्तुगालच्या लागोसजवळ गाठला आणि नव्वदएक जहाजं गेली. तोवर टिकून राहता, तर कदाचित तेव्हा बुडाला असता. मला त्याचं कौतुकही वाटतं आणि रागही येतो. मोजेवाल्याने मोजे विकावेत, असं माझ्यातली कारकून म्हणते. पण मग लंडनच्या बंदरातली निम्मी शिडं उभी कोणी केली असती, हेही तीच म्हणते.

राग यायचं खरं कारण वेगळं आहे. तेव्हाचा कायदा असा होता की खलाशाचा पगार जहाजाच्या भाड्यातून जन्मतो. जहाज बुडालं, भाडं मिळालं नाही, तर पगार नाही. पोहून जीव वाचवला तरी नाही. दोरवाल्याचा सोळांतला एक आणा जायचा, कर्ज काढलेल्याचं कर्ज माफ व्हायचं, आणि शिडावर चढणाऱ्याच्या बायकोला वर्षभराच्या वाट बघण्याचं एक शिलिंगही नाही. जोखीम वाटून घ्यायची इतकी सुंदर पद्धत बसवली, आणि ज्याला आपला जीव सोळा जहाजांत वाटता येत नव्हता त्यालाच वाटपाबाहेर ठेवलं. आमच्या क्लेमच्या फॉर्मवर मालाच्या रकान्यात दोन ओळी असायच्या, माणसांसाठी वेगळं खातं होतं, दुसऱ्या मजल्यावर.

१६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने आपली मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. तोवर कंपनीने स्वतःची जहाजं बांधायचं जवळजवळ सोडलं होतं आणि ती भाड्याने घेत होती. म्हणजे मुंबईच्या बंदरात नांगर टाकणारं जहाज ‘कंपनीचं’ म्हणून ओळखलं जाई, पण ते कंपनीचं नसेच. ते असायचं कप्तानाचं, काही व्यापाऱ्यांचं, आणि मध्ये कुठेतरी बसवलेल्या एखाद्या कारागिराचं. फोर्टमध्ये बसच्या खिडकीतून बंदराची भिंत दिसली की मला हटकून त्या अदृश्य आणेवाल्यांची आठवण यायची. त्यांना मुंबई कुठे आहे हे नीट ठाऊकही नसेल.

गेल्या श्रावणात पावसाने खानावळीचे ड्रॉवर फुगले. भाच्याने मिस्त्रींना बोलावलं, आणि योगायोगाने मी तिथे सोलकढी पीत बसलेले. रंधा फिरत होता, सागाचे पातळ कीस काउंटरवरून खाली गुंडाळत पडत होते. भाचा आत भाजीवाल्याशी वाद घालत होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि इतके दिवस घोळवलेलं बोलून टाकलं. ‘मिस्त्री, तेव्हा तुमच्या पत्तीचं राहूनच गेलं हो. मला वाईट वाटतं.’ त्यांना आधी कळेचना. मग हसले. ‘ते होय? ताई, आपल्या चार ठिकाणी आहेत की पत्त्या.’ त्यांनी पँटच्या मागच्या खिशातून एक छोटी डायरी काढली, रबर लावलेली, घामाने वाकलेली. एक पिठाची गिरणी, दोन आणे. रसवंती, एक आणा. पानाचं दुकान, एक. इस्त्रीचं दुकान, एक, त्याचं टेबल यांनीच केलेलं. सगळीकडे मजुरी अर्धी, बाकीची आत ठेवलेली. ‘महिन्याला कोण हजार देतं, कोण पाचशे. कोण नुसता चहा पाजतो. पण काम निघालं की फोन आपल्यालाच.’ एक ओळ आडवी खोडलेली होती. मी बोट ठेवलं. ‘ते मोबाइल रिपेअरिंगचं. बुडालं.’

मी म्हणाले, भाच्याशी बोलू का मी? अजूनही करता येईल काहीतरी. मिस्त्रींनी ड्रॉवर आत सरकवून पाहिला, बाहेर काढला, कडेवरून अंगठा फिरवला. आत भाच्याचा आवाज चढलेला. ते माझ्याकडे थोडे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘नको ताई. बरंच झालं तेव्हा नाही म्हणाले ते. जागेचं भाडं फार आहे हो यांचं.’ मग डायरीला रबर लावलं, ती खिशात गेली आणि त्यांनी विचारलं, ‘केरसुणी कुठे ठेवतात इथे?’